तीर्थनचा ट्राउट गरवताना: मार्च ते ऑक्टोबर

पहिल्यांदा हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर गेलो तेव्हा तीन दिवस नदीच्या मध्यावर माशी, म्हणजे हुकाला बांधलेला खोटा किडा, फेकत होतो. मासा शून्य. चौथ्या सकाळी बॅग भरली, बुटांचा चिखल धुवायला काठावर वाकलो, आणि माझ्या पायापासून हातभर अंतरावरून, नडगीसुद्धा बुडणार नाही इतक्या पाण्यातून, चांगला वीत-दीड वीत लांबीचा ट्राउट सुळकन निघून गेला. तीन दिवस मी रोज त्याच जागी उभा राहून पलीकडच्या डोहावर लाइन फेकली होती. मासा जिथे राहत होता तिथे मी बूट रोवून उभा होतो.

त्यानंतर बरेच हंगाम गेलो. दरवर्षी पुण्याचे दोन-चार जण विचारतात, कुठली माशी लावायची? माशीचं नंतर बघू. आधी महिना कुठला ते सांगा, आणि नदीपासून चार पावलं मागे या.

मी मूळचा राजापूरकडचा. लहानपणी काकांबरोबर अर्जुना नदीवर गरवायला जायचो. कळकाची काठी, गरीला गांडूळ, आणि शेंगटी लागेपर्यंत गप्प बसायचं. आमिष पाण्यात पडलं की उरलेलं काम माशाचं. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं होतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या किड्याला ना वास, ना चव. तो किडा प्रवाहाबरोबर खऱ्या किड्यासारखा वाहतोय असं माशाला दिसलं तरच तो तोंड उघडतो. आणि त्या माशीला वजन नसल्यामुळे ती फेकताच येत नाही. वजन असतं जाड लाइनला. आपण लाइन फेकतो, माशी नुसती मागोमाग जाते.

नदीबद्दल थोडं. तीर्थन हिमाचलच्या कुलू जिल्ह्यात, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या वरच्या डोंगरांतून उतरते आणि लारजीला सैंजला व बियासला भेटते. या उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. मनालीच्या बसने निघालात तर औटच्या लांब बोगद्याच्या अलीकडे उतरायचं. पहाटे झोप लागली तर थेट कुलूला जाल, मी गेलोय. औटहून लारजी, बंजार आणि पुढे गुशैनी. गुशैनी साधारण १६०० मीटरवर आहे, तिथेच पलाचन नावाचा नाला तीर्थनला मिळतो. मी गुशैनी ते नागणी एवढ्याच पट्ट्यात फिरतो आणि तो एका जन्मात संपायचा नाही.

इथला ब्राउन ट्राउट मूळचा इथला नाही. १९०० च्या सुमाराला साहेबाने तो स्कॉटलंडहून काश्मीरला आणला, आणि तिथून काही वर्षांतच तो कुलूच्या नद्यांत पोचला. आज नदीत जो सापडतो तो पिढ्यानपिढ्या याच गोट्यांत जन्मलेला असतो. अंगावर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. कुशीवर गुलाबी पट्टा आणि शेपटीवर दाट ठिपके दिसले तर तो रेनबो, बहुधा खालच्या एखाद्या मत्स्यपालनाच्या टाकीतून निसटलेला. खायची इच्छा असेल तर टाकीतलाच रेनबो विकत घ्या, घरगुती खानावळीत मोहरीच्या तेलात तळून देतात. नदीतला मी परत सोडतो.

सामान कमी लागतं. साडेआठ-नऊ फुटी फोर-वेट किंवा फाइव्ह-वेट, म्हणजे हलक्या लाइनचा, रॉड, तरंगणारी लाइन, तिच्यापुढे नऊ फुटांचा निमुळता लीडर म्हणजे माशीकडे जाणारा बारीक दोरा, आणि टोकाला ५एक्स टिपेट, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीचा दोरा. एक्सचा आकडा वाढला की दोरा बारीक होतो, आणि हुकाचंही तसंच, १२ मोठा आणि १८ छोटा. दुकानात पहिल्यांदा मी हे बरोब्बर उलटं समजून आलो होतो. याशिवाय बारीक टोकाची चिमटी, जाळी, पाण्यात बुडवायचा साधा थर्मामीटर आणि छातीपर्यंत उंच काठी. छातीपर्यंतचे वेडर्स, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी बुटांची विजार, मी घेत नाही. ते घातले की माणूस छातीपर्यंतच्या पाण्यात जातो, आणि आपल्याला तर गुडघ्याच्या वर जायचंच नाही. लोकरीचे मोजे आणि पकड असलेले बूट पुरतात. मार्चमध्ये पाय बधिर होतात. दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन उन्हात बसायचं.

फेकायचा सराव घरीच करून जा. माशीच्या जागी लोकरीचा गोंडा बांधायचा आणि सोसायटीच्या मैदानावर उतरायचं. आमचे वॉचमनकाका पहिले दोन महिने रोज विचारायचे, "साहेब, काही लागलं का?" हाताची लकब सांगायची तर पुण्याहवाचनात गुरुजी आंब्याच्या डहाळीने तीर्थ शिंपडतात ती आठवा. डहाळी हळू उचलतात, वेग वाढवतात आणि एकदम थांबवतात. त्या थांबण्यानेच पाणी पुढे उडतं. रॉडचंही तेच आहे. मागे नेताना डोक्याच्या किंचित मागे थांबवा, लाइन मागे सरळ होईपर्यंत श्वासभर वाट बघा, मग पुढे आणून पुन्हा थांबवा. नवखा माणूस ती मधली वाट बघत नाही आणि चाबूक फोडल्यासारखा आवाज काढतो. तो आवाज म्हणजे तुटलेली माशी. मागे झाडी असेल, आणि तीर्थनवर ती असतेच, तर लाइन मागे न नेता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे सोडायची. त्याला रोल कास्ट म्हणतात. तो आधी शिकलात तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. तीर्थन ही मोठमोठ्या गोट्यांतून उड्या मारत उतरणारी नदी आहे. हातभर रुंदीत तीन वेगांचं पाणी असतं. गोट्याच्या पुढे एक उशी तयार होते, मागे शांत खळगा, आणि दोन्ही बाजूंना पळती धार. ट्राउट त्या खळग्यात किंवा धारेच्या कडेला बसतो, कारण तिथे पोहायला कष्ट नाहीत आणि दोन बोटांवरून जेवणाचं ताट वाहत जातं. राजापूरच्या बाजाराच्या बोळात, दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणारे जसे असतात ना, अगदी तसा. मधल्या फेसाळ धारेत तो उभा राहत नाही. काठाशी, झाडाच्या मुळांखाली, पाणी जिथे काळसर हिरवं होतं तिथे शोधा.

मासा तोंड प्रवाहाकडे करून असतो, म्हणून आपण खालच्या अंगाने, त्याच्या शेपटीमागून, वर सरकत जायचं. वाकून, आणि गोट्याआड. कपडे मातकट रंगाचे. भडक जॅकेट मनालीच्या फोटोंसाठी ठेवा. पाण्यात दगड पायाखाली करकरला तर जवळचे मासे दोन मिनिटं चिडीचूप होतात, तेव्हा आपणही थांबायचं. मी पहिली वीस मिनिटं रॉड जोडतच नाही. बसतो, थर्मामीटर पाण्यात सोडतो, दोन-तीन गोटे उलटून बघतो. खाली चपटे, तीन शेपट्यांचे किडे दिसले की त्या मेफ्लायच्या अळ्या. वाळूच्या कणांची नळी बांधून आत बसलेली असते ती कॅडिसची अळी. दोन शेपट्या आणि दणकट पाय असलेली स्टोनफ्लायची. माशाच्या ताटात आज काय आहे ते तिथेच कळतं. गोटा होता तसा परत ठेवा.

मग माशी कुठे टाकायची? लांब नाही. पंधरा-वीस फूट, बास. लांब फेकलं की मधल्या तीन वेगांच्या पाण्यावर लाइन पडते, पळती धार ती आधी ओढून नेते आणि माशी होडीसारखी मागे रेघ पाडत फरफटते. ट्राउटने आयुष्यात असा पळणारा मेफ्लाय बघितलेला नसतो. तो बघतो आणि खाली जातो. याला ड्रॅग म्हणतात, आणि माझ्या मते तीर्थनवर रिकाम्या हाताने परतणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचं कारण हेच असतं. उपाय सोपा, फक्त अहंकाराला जड जातो: जवळ जा, रॉड उंच धरा, लाइन पाण्याला लागूच देऊ नका, लीडरचं टोक आणि माशी एवढंच पाण्यावर. माशी दोन फूट मोकळी वाहिली तरी पुरते. उचला, पुन्हा टाका. एका खळग्यात पाच-सहा वेळा, मग पुढचा खळगा.

मासा लागला हे ओळखण्यात माझी कोकणी सवय नडली. गरवताना आम्ही हिसका मारायचो. इथे हिसका मारला की ५एक्सचा दोरा केसासारखा तुटतो. ड्राय फ्लाय म्हणजे तरंगणारी माशी असेल तर मासा ती घेऊन तोंड खाली वळवेपर्यंत थांबा आणि मग रॉड नुसता उचला, दारावरचा पडदा बाजूला करावा तितक्या जोराने. निम्फ म्हणजे बुडती माशी असेल तर उलट घाई हवी. लीडरला केशरी लोकरीचा बारीक तुरा बांधतो मी. तो थबकला, आडवा सरकला, जराही वेगळा वागला की उचलायचं. दर चार वेळांपैकी तीनदा तो दगड निघतो. निघू दे.

आता महिने.

ट्राउटसाठी नदी १ मार्चला उघडते. त्या वेळी वरच्या डोंगरांवर बर्फ असतं पण वितळायला लागलेलं नसतं, म्हणून पाणी कमी आणि काचेसारखं. थर्मामीटर सकाळी पाच-सहा अंशांवर. इतक्या गारठ्यात मासा सुस्त असतो, घासासाठी हातभरसुद्धा हलत नाही. पहाटे उठून नदीवर जाण्याचा मर्दपणा करू नका. पोटभर पराठे खा, अकराला निघा, तीनला परत या. संथ, खोल जागी जड निम्फ तळाला घासत न्यायचा, आणि तोही माशाच्या नाकासमोरून. दिवसाला दोन मासे म्हणजे उत्तम दिवस.

मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य मला मनापासून आवडतो. पाणी आठ-दहा अंशांवर गेलं की दुपारच्या सुमाराला मेफ्लाय वर यायला लागतात. पाण्यावर छोटी राखाडी शिडं उभी राहिल्यासारखी दिसतात. अशा वेळी १४ किंवा १६ नंबरची ॲडम्स नावाची राखाडी तरंगती माशी. हे सोहळे अर्धा-पाऊण तासच चालतात, त्यामुळे जेवायला बसलात आणि कोणी "उठलेत" म्हणालं तर ताट झाकून ठेवा. आभाळ भरून आलं, भुरभुर पाऊस असला तर आणखी चांगलं. नवखा माणूस लख्ख ऊन पडलं की खूश होतो. ट्राउट नेमका तेव्हा गोट्याखाली असतो.

मे आणि जूनमध्ये आपल्याकडच्या सुट्ट्या, म्हणून सगळे तेव्हाच येतात. नेमकं तेव्हा बर्फ वितळतं. पाणी सकाळी कमी असतं आणि दुपारनंतर चढतं, रंग ताकासारखा होतो. मेमध्येच यायचं असेल तर उजाडताना नदीवर असा आणि दहाला संपवा. धारेला जोर असतो, म्हणून मासे अगदी काठाला चिकटतात. माझ्या बुटांपाशी होता तो मेमधलाच. पाण्यात उतरायचंच नाही, काठावरून, स्वतःच्या पायाच्या रेषेत माशी टाकत वर जायचं. माशी मोठी आणि गडद, १० किंवा १२ नंबरची, स्टोनफ्लायसारखी, म्हणजे गढूळ पाण्यात दिसेल. मुख्य नदी फारच गढूळ असेल तर पलाचनकडे वळा, तो पुष्कळदा जास्त स्वच्छ असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. २०२३ च्या जुलैत कुलूच्या नद्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. इतर महिन्यांतही वर ढग काळे झाले, पाण्यात पानं-काटक्या वाढल्या किंवा रंग बदलला तर मासा लागलेला असला तरी दोरा तोडून वर या. नदीकाठच्या कोकणी माणसाला हे सांगावं लागत नाही, पुण्याच्या माणसाला लागतं.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मात्र रजा शिल्लक ठेवाच. पाऊस ओसरलेला, नदी रोज थोडी उतरते, पाणी बारा-तेरा अंशांवर, आणि ट्राउटला हिवाळ्याआधीची भूक. आता पाण्यातल्या किड्यांइतकंच काठावरून पडणारं महत्त्वाचं. गवत कंबरेएवढं वाढलेलं असतं, कापणी चालू असते, विळा फिरला की नाकतोडे उडून पाण्यात पडतात. तेव्हा नाकतोड्याची १० नंबरची माशी हळुवार न टाकता मुद्दाम टपकन आपटायची. त्या आवाजाला मासा गोट्याआडून वळून येतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत तोंड वर काढतो. त्या क्षणी मी अजूनही घाई करतो आणि त्याच्या तोंडातून माशी काढून घेतो. संध्याकाळी कॅडिस उडायला लागले की एल्क हेअर कॅडिस नावाची तरंगती माशी. ही एक माशी फरफटली तरी चालते, कारण खरे कॅडिसही पाण्यावर धडपडतात. उन्हाच्या चटक्याच्या दिवशी, खालच्या पट्ट्यात थर्मामीटर १९-२० अंश दाखवायला लागला तर रॉड बंद. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, झुंजलेला मासा सोडला तरी वाचत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी नियमाने परवानगी असली तरी मी जात नाही. नरांचं पोट लोण्याच्या रंगाचं होतं, जबडा वळतो, माद्या अंड्यांनी जड झालेल्या असतात. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदीच असते. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, अंडी घालते, खडीने झाकते. उथळ पाण्यात बशीसारखी, आजूबाजूपेक्षा उजळ, स्वच्छ खडी दिसली तर तिच्यावरून चालू नका. मार्चमध्येसुद्धा नाही, आत पिल्लं असू शकतात.

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून दिवसाप्रमाणे मिळतो, राहण्याच्या ठिकाणचे लोक मदत करतात. तो खिशात प्लास्टिकमध्ये ठेवा. उद्यानाच्या फाटकाच्या पुढे जाताना रॉड खोलीवर ठेवून जा, तिथे नुसतं बघायचं.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण निघतं आणि बुरशी धरते. हुकाच्या टोकामागचा उलटा काटा घरूनच चिमटीने दाबून सपाट केलेला असेल तर मासा जाळीत, पाण्यातच ठेवून एका झटक्यात सुटतो. फोटो काढायचा तर आधी फोन तयार ठेवा आणि मग मासा उचला. तुम्ही स्वतः जितका वेळ श्वास रोखू शकता त्याच्या निम्म्या वेळात खाली. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून, शेपटीमागे सैल धरून थांबा. तो आपणहून हात सोडवून जातो. फेकून देऊ नका.

उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा माशा बांधायच्या. परदेशी सामानाच्या पाकिटांवर पैसे घालवायची गरज नाही. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं चिकनवाल्याकडे मागितली तर तो आधी हसतो, मग पिशवीभर देतो. गळून पडलेल्या मोरपिसाच्या देठाजवळचे धागे गुंडाळले की निम्फचं चमकदार अंग होतं. सुतळी उकलून, बारीक कातरून, मेणाच्या दोऱ्यावर वळली की मातकट केसाळ अंग होतं, अगदी गोट्याखालच्या अळीसारखं. आणि वजनासाठी तांब्याची तार: कोपऱ्यावरच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जळक्या मोटारीतली मूठभर मिळते. हुकाला आधी तारेचे दहा वेढे, वर सुतळी, मध्ये मोरपिसाचे दोन वेढे, डोक्यापाशी गाठ. १४ नंबरच्या अशा डझनभर बांधून ठेवा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यातल्या निम्म्या तीर्थनच्या तळाशी अडकून जातात.